भाजून झाल्यावर खाली उरते ते

मराठी स्वयंपाकघरात जे जे गळते, निथळते, तळाला बसते किंवा भांड्याच्या कडेला चिकटून राहते, त्याला सहसा स्वतःचे नाव असते. तांदूळ धुतल्यावर उरते ते धोवण, भात शिजल्यावर काढून घेतात तो मांड, लोणी कढवल्यावर तळाशी राहते ती बेरी, दुधाच्या पातेल्यातून खरवडून काढतात ती खरवड आणि पुरणाची डाळ शिजल्यावर तिच्यावरून काढतात तो कट. कोल्हापूर-सांगलीकडे या कटाच्या आमटीलाच येळवणीची आमटी म्हणतात. डाळ वेळून काढायची, म्हणून जे निघाले ते येळवणी. होळीच्या दिवशी पुरणपोळीच्या शेजारी या उरलेल्या पाण्याला मानाची वाटी मिळते. नाव असले की वस्तूला घरात जागा मिळते. ती कुठे ठेवायची, कशात घालायची आणि चुकून ओतून दिली तर कोणी कोणाला बोलायचे, हे सगळे आपोआप ठरते.

भाजलेल्या भाज्यांखाली जो द्रव साचतो त्याला मात्र असे नाव नाही. वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची किंवा भोपळ्याच्या फोडी ओव्हनमध्ये भाजल्या की ट्रेच्या तळाशी तांबूस, तपकिरी, कधी जवळजवळ काळे असे चार-सहा चमचे काहीतरी उरते. त्याला रस म्हणावे तर तो पिळून काढलेला नाही, रस्सा म्हणावे तर त्यात मसाला नाही, आणि पाणी म्हणावे तर ते कोणी घातलेलेच नाही. गेली काही वर्षे मी हा निनावी द्रव जपून वापरतो आहे. सोयीसाठी मी त्याला रस म्हणेन. त्याला नाव का नाही, याचे उत्तर मला माझ्याच लहानपणीच्या एका जाळापाशी सापडले.

मी मूळचा जळगावचा. आमच्याकडची भरिताची वांगी फिकट हिरवी, पांढरट झाक असलेली, चांगली थोराड, भरपूर गराची आणि कमी बियांची असतात. 'जळगाव भरीत वांगी' या नावाने त्यांना 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण असोद्याच्या आणि बामणोदच्या वांग्यांत सरस कोणती, हा वाद त्या कागदाने मिटलेला नाही. थंडी पडली की शेतात भरिताचा बेत ठरे. तुरीच्या किंवा कपाशीच्या वाळलेल्या काड्या रचून त्यावर वांगी मांडायची आणि जाळ करायचा. या काड्या भसकन पेटतात, ज्वाळा उंच जातात आणि वांग्याची साल पाहता पाहता करपते. ती फाटली की देठाकडून रसाचे थेंब टपकू लागत, खाली निखाऱ्यावर पडून चर्र होत आणि त्यांची वाफ व धूर पुन्हा वर वांग्यांवर येई. भरिताचा जो धुरकट वास आम्ही खान्देशी लोक वर्षभर आठवत राहतो, त्यात काड्यांच्या धुराबरोबर या जळालेल्या रसाचाही वाटा असणार असे मला वाटते. म्हणजे रस तेव्हाही निघतच होता. फक्त तो भांड्यात पडत नव्हता. जी वस्तू कधी कोणी वाटीत पाहिलीच नाही, तिला नाव कोण ठेवणार?

रायगडकडच्या पोपटीत याच्या उलट घडते. तिथे वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे, वांगी असे सगळे भांबुर्ड्याच्या पाल्यात बसवून मडक्यात गच्च भरतात, पाण्याचा थेंबही घालत नाहीत, मडके उपडे ठेवून भोवती जाळ करतात. निघालेली वाफ आतच कोंडते आणि भाज्यांचा रस भाज्यांतच मुरतो. उघड्या जाळावर रसाचा धूर झाला आणि बंद मडक्यात तो परत शेंगेत शिरला. आपल्या दोन्ही जुन्या पद्धतींत रस वेगळा होऊन समोर येण्याची वेळच येत नाही. ती वेळ आणली ओव्हनच्या ट्रेने, आणि हा ट्रे आपल्या ओट्यावर येऊन फार काळ लोटलेला नाही. त्यामुळे नाव नसणे हा भाषेचा आळस नव्हे. वस्तूच नवी आहे.

स्वयंपाकघराशी माझी ओळख उशिरा झाली. नोकरीनिमित्त पुण्यात एकटा राहू लागलो तेव्हा शेगडीवर वांगे भाजण्याचा प्रयोग मी काही महिने केला. वांग्याचा रस बर्नरच्या भोकांत जाऊन ती बुजत आणि ज्योत पिवळी होऊन तिरकी पेटे. बर्नर टाचणीने साफ करण्याचा कंटाळा आला म्हणून ओटीजी, म्हणजे ओट्यावर ठेवायचा छोटा विजेचा ओव्हन, घेतला, यापलीकडे त्या खरेदीमागे काही पाककलेचे प्रेम नव्हते. पहिल्यांदा वांगी भाजून ट्रे बाहेर काढला तेव्हा तळाशी साचलेले गडद पाणी मी सरळ सिंकमध्ये ओतू लागलो. निम्मे ओतून झाले असेल, तोच गरम पत्र्यावरून आलेल्या वाफेत मला शेतातल्या जाळाचा ओळखीचा वास आला. पूर्ण तो नव्हे, काड्यांचा धूर त्यात नव्हता. पण त्याच्या खालचा, वांग्याचा स्वतःचा जो वास असतो, तो नेमका होता. उरलेले चमच्यात घेऊन चाखले. आधी गोडसर, मग भाजल्याची खरपूस चव आणि अगदी शेवटी जिभेच्या मागच्या बाजूला पुसटसा कडवटपणा. त्या रात्री पिठले करायचे होते. बेसन कालवताना पाण्यात हे तीन चमचे घातले. ते पिठले मी पातेल्यातूनच पुसून खाल्ले, एवढे सांगितले तरी पुरे.

हा द्रव येतो कुठून, हे समजायला अवघड नाही. वांग्यात वजनाच्या सुमारे 92 टक्के पाणीच असते, ढोबळी मिरचीतही जवळजवळ तेवढेच आणि टोमॅटोत तर 94-95 टक्के. हे पाणी पेशींत कोंडलेले असते. उष्णतेने पेशींच्या भिंती ढिल्या पडतात, फुटतात आणि आतले पाणी आपल्याबरोबर साखर, आम्ले, क्षार, मिठासारखे विरघळणारे सगळे घेऊन बाहेर येते. त्यातले बरेचसे पाणी वाफ होऊन जाते आणि जे मागे राहते ते मूळ रसापेक्षा घट्ट व चवदार असते. माझ्या ओटीजीत 200 अंशांवर पाऊण किलो वांगी भाजली तर चार-पाच चमचे रस मिळतो. किलोभर टोमॅटो अर्धे कापून भाजले तर जवळजवळ वाटीभर. भाज्या ट्रेमध्ये दाटीवाटीने ठेवल्या तर त्यांची वाफ त्यांच्यातच कोंडते, त्या भाजण्याऐवजी शिजतात आणि रस जास्त निघतो. मोकळ्या पसरल्या तर रस कमी, पण रंग आणि खरपूसपणा जास्त. भाजताना दाटी करू नये असे सगळेच सांगतात, ते भाजीपुरते खरे आहे. मला ज्या दिवशी आमटीसाठी रस हवा असतो त्या दिवशी मी ही चूक समजूनउमजून करतो.

या रसातली चव दोन ठिकाणांहून येते आणि त्यांतला फरक ओळखता आला की तो कशात घालायचा हे कळू लागते. पहिली चव भाजीची स्वतःची. 1908 मध्ये टोकियोत किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोंबू या समुद्री शैवालाच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळे केले आणि गोड, आंबट, खारट, कडू यांच्या पलीकडच्या त्या चवीला उमामी हे नाव दिले. पिकलेल्या टोमॅटोत हे ग्लुटामेट भरपूर असते, आणि टोमॅटोच्या गरापेक्षा बियांभोवतीच्या बुळबुळीत भागात ते अधिक असते. टोमॅटो भाजताना सगळ्यात आधी वाहून ट्रेमध्ये येतो तो नेमका हाच भाग. म्हणजे टोमॅटो उचलून घ्यायचे आणि खालचे पाणी टाकून द्यायचे, यात टोमॅटोतला चांगला हिस्सा आपण नळाखाली सोडत असतो. टोमॅटो चिरताना बिया काढून टाका असे सांगणाऱ्या पाककृतींवर माझा राग आहे तो याच कारणाने.

दुसरी चव विस्तवाची. साखर आणि अमिनो आम्ले एकत्र तापली की त्यांच्यात ज्या क्रिया सुरू होतात आणि ज्यांमुळे भाकरीला, भाजलेल्या रव्याला, कांद्याला तो तपकिरी रंग व वास येतो, त्यांचे वर्णन लुई-कामी मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 मध्ये प्रथम केले. या क्रियांना जोर येतो तो साधारण 140 अंशांच्या पुढे. ट्रेमध्ये पाणी आहे तोवर तिथले तापमान शंभराच्या फार वर जात नाही, त्यामुळे मधल्या डबक्यात रस फिकाच राहतो; पण त्या डबक्याच्या कडेला, जिथे पाणी आटून पातळ थर उरतो, तिथे तो आधी पिवळा, मग तांबूस, मग तपकिरी होत पत्र्याला चिकटतो. सगळा खमंगपणा त्या कडेला असतो. तो सोडवण्यासाठी ट्रे गरम असतानाच त्यात पाव वाटी कढत पाणी घालायचे आणि लाकडी उलथण्याने हळूहळू घासायचे. फ्रेंच स्वयंपाकात हेच वाइन घालून करतात आणि त्याचा मोठा गाजावाजा होतो. आपल्याकडे वाटण काढल्यावर मिक्सरचे भांडे विसळून ते पाणी रश्श्यात न घालणारी आई मी अजून पाहिलेली नाही. ट्रे विसळणे हे त्याच घराण्यातले काम आहे. फक्त आपल्याला ट्रे हे भांडे वाटत नाही, म्हणून तो आपण थेट घासायला टाकतो. एवढे मात्र खरे की तपकिरी थर सोडवायचा आणि काळा तसाच ठेवायचा. जळून कोळसा झालेला भाग पाण्यात उतरला तर पुढचे सगळे कडू होते आणि मग कितीही गूळ घातला तरी ते सावरत नाही.

आपल्या परंपरेत भाजून निघालेल्या रसाची कदर कुठेच नव्हती असे मात्र म्हणता येणार नाही. ती स्वयंपाकात नव्हती, औषधात होती. आयुर्वेदात पुटपाक नावाची एक कृती आहे. ज्या पाल्याचा किंवा सालीचा रस नुसता कुटून सहज निघत नाही, तिचा वाटून गोळा करतात, तो वड किंवा जांभळासारख्या झाडांच्या पानांत गुंडाळतात, वरून मातीचा जाड लेप देतात आणि बाहेरची माती लाल होईपर्यंत विस्तवात भाजतात. मग माती फोडून आतला गोळा काढायचा आणि कापडातून पिळून रस घ्यायचा. आमच्या घरी एवढा थाट नव्हता. खोकला झाला की आजी अडुळशाची पाने तव्यावर गरम करून, मऊ पडली की पिळून, तो चमचाभर रस मधातून चाटवत असे. कच्च्या पानांतून जेमतेम ओलावा निघतो आणि तापवलेल्या पानांतून धार लागते, हे मी तेव्हाच पाहिले होते. तीच आजी वांग्याच्या बाबतीत काय करी, तेही आठवते. भाजलेली वांगी ती परातीत घालून झाकून ठेवी. साल सुटेपर्यंत परातीत थोडे काळसर पाणी जमे. त्यातला एक थेंब ती तळहातावर घेऊन चाखे आणि मग एक शब्द न बोलता परात एक तर लाकडी भांड्यात वांग्यांवरच रिकामी करी, नाही तर अंगणातल्या कढीपत्त्याच्या मुळाशी. ठेचणे मुसळीने होई आणि त्या रसाचे पुढे काय झाले हे कोणाला वेगळे कळत नसे. तिने कधी कारण सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. आता कळते की जून, बियाळ वांग्याचा कडवटपणा त्या पाण्यात उतरतो, आणि परातीतला तो एक थेंब म्हणजे सगळ्या भरिताची परीक्षा होती.

मीही तेच करतो. कुठल्याही भाजीचा रस आधी चाखल्याशिवाय कशातच घालायचा नाही. कोवळ्या वांग्याचा रस खान्देशी भरितात परत घालावा, कारण तिथे हिरव्या मिरचीचा ठेचा, कांद्याची पात, शेंगदाणे आणि तेलाची फोडणी त्याला सांभाळून घेतात आणि भरीत कोरडे पडत नाही. दह्यातल्या भरितात मात्र तो घालू नये. दही सैल होते, रंग राखेसारखा दिसतो आणि वांग्याचा गोडवा दह्याच्या आंबटपणापुढे टिकत नाही. त्या दिवशी तो वेगळा ठेवून दुसऱ्या दिवशीच्या पिठल्यात किंवा मसूर आमटीत घालावा. मसुराशी त्याचे फार जमते. का, हे मला सांगता येणार नाही, जमते एवढे खरे.

ढोबळी मिरचीबद्दल मला जरा जास्त बोलायचे आहे. सगळीकडून काळी होईपर्यंत ती भाजायची आणि भांड्यात घालून दहा मिनिटे झाकून ठेवायची, म्हणजे स्वतःच्या वाफेने तिची साल सुटते. इथवर सगळे ठीक करतात. मग पुष्कळ जण ती सोलताना नळाखाली धरतात. साल भराभर निघते, बिया वाहून जातात, हात स्वच्छ राहतात आणि ज्यासाठी एवढा वेळ गॅस किंवा वीज जाळली ती सगळी चव मोरीत जाते. शेजारी वाटीत पाणी ठेवावे, बोटे त्यात बुडवून घ्यावीत, पण मिरची पाण्याखाली धरू नये. सालीचे चार काळे ठिपके राहिले तर राहू द्यावेत. झाकलेल्या भांड्यात जो तांबूस, किंचित चिकट रस जमतो तो चहाच्या गाळणीतून गाळून घेतला, त्यात थोडे तेल, मीठ आणि लिंबू घातले, की तो कोणत्याही कोशिंबिरीवर चालतो. स्पेनच्या कॅटालोनिया भागात मिरच्या, वांगी आणि कांदे निखाऱ्यात भाजून एस्कालिवादा नावाचा पदार्थ करतात, त्यातही भाज्यांचा सुटलेला रस तेलात मिसळून पुन्हा वर घालण्याची रीत आहे. पावाने तो टिपून खातात. आपल्याकडे त्यासाठी ज्वारीची भाकरी आहेच.

टोमॅटोच्या रसाला फार सूचना लागत नाहीत. टोमॅटोच्या सारात घाला, तुरीच्या वरणात घाला, नुसता गरम करून त्यात मिरपूड टाकून प्या. दोन गोष्टी सांभाळायच्या. तो आंबट असल्याने दुधाच्या सूपमध्ये थेट ओतला तर दूध फाटते. आणि ॲल्युमिनियमच्या ट्रेत किंवा फॉइलमध्ये टोमॅटो भाजले तर आम्लामुळे धातू रसात उतरतो व चव बदलते. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात आमटी कळकते हे ज्या पिढीला शिकवावे लागत नव्हते, तिला हेही शिकवावे लागले नसते. मी काचेचे भांडे वापरतो.

लाल भोपळ्याखाली थोडाच, पण पाकासारखा गोड रस उरतो आणि त्याची जागा ठरलेली आहे. घारग्यांच्या पिठात पाणी घालायचे नसतेच. भोपळ्याच्या गरात आणि गुळात मावेल तेवढेच पीठ घ्यायचे असते. भोपळा वाफवण्याऐवजी भाजून घेतला आणि खालचा रसही त्यातच गेला तर घारग्यांना रंग अधिक खुलून येतो. बिटाच्या रसाने मी एकदा थालीपीठ भिजवले, मोठ्या हौसेने, गुलाबी होईल म्हणून. बिटाचा रंग उष्णतेपुढे टिकत नाही. तव्यावर ते विटकरी झाले. चवीला बरे होते. बटाट्याखाली काही उरत नाही.

मीठ कधी लावायचे हाही विचार करण्यासारखा भाग आहे. भाजण्याआधी मीठ लावले तर ते पेशींतले पाणी ओढून बाहेर काढते, रस अधिक निघतो, पण लावलेल्या मिठातले बरेचसे त्या रसातच जाते आणि तो आटत जाईल तसा खारट होत जातो. असा रस आमटीत घातल्यावर सवयीच्या हाताने मीठ टाकले की जेवण बिघडते. माझ्याकडून हे इतक्या वेळा झाले आहे की आता रस वापरायच्या दिवशी मी मिठाचा डबा ओट्यावरून उचलून वर ठेवतो.

हा रस सगळ्यांसाठी नाही, हेही सांगितले पाहिजे. माझ्या एका मामांना मूत्रपिंडाचा विकार झाला तेव्हा डॉक्टरांनी भाज्या बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी टाकून द्यायला सांगितले होते. पोटॅशियम पाण्यात उतरते; मूत्रपिंडे नीट चालत नसली की ते रक्तात साठून हृदयाला धोका होतो. आम्ही ज्याला सत्त्व म्हणतो तेच त्यांच्यासाठी टाळायचे होते. ते आमच्याकडे जेवायला आले की मामी स्वयंपाकघरात उभी राहून भाजीचे पाणी ओतून दिल्याची खात्री करून घेई, आणि आयुष्यभर कटाचा थेंब वाया न घालवलेल्या त्या बाईचा हात सिंकवर क्षणभर थांबत असे. भाजीच्या पाण्यात सगळी जीवनसत्त्वे असतात असे सरसकट म्हटले जाते, त्याबद्दलही थोडे सावध असावे. क जीवनसत्त्व पाण्यात उतरते हे खरे, पण ते उष्णतेनेही नष्ट होते. 200 अंशांत पाऊण तास काढलेल्या रसाकडून त्याची फार अपेक्षा ठेवू नये. मी तो चवीसाठी ठेवतो.

ठेवायचा म्हणजे कसा, तर लगेच. दोन तासांच्या आत गार करून फ्रीजमध्ये, झाकणाच्या काचेच्या बरणीत, आणि तीन दिवसांत संपवायचा. त्याहून अधिक दिवस ठेवायचा असेल तर बर्फाच्या साच्यात ओतून गोठवावा. एकेक वडी आमटीत टाकायला सोयीची पडते. भाज्यांबरोबर लसूण भाजली असेल आणि रसावर तेलाचा थर असेल तर ती बरणी ओट्यावर मुळीच राहू देऊ नये. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि अशा ठिकाणी क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू वाढून विष तयार करू शकतो. त्याचा वास येत नाही की चव बदलत नाही. लोणचे बाहेर टिकते मग हे का नाही, असा प्रश्न येतो. लोणच्यात मीठ आणि आम्ल भरपूर असते, इथे ती दोन्ही तेवढी नसतात.

आमच्या फ्रीजमधल्या त्या बरणीवर माझ्या मुलीने एकदा चिठ्ठी चिकटवली: 'काळे पाणी. उघडणाऱ्याला जन्मठेप.' ती चिठ्ठी अजून तशीच आहे आणि घरात तेच नाव रूढ होते आहे. मला ते पसंत नाही, पण शब्द कोणाच्या पसंतीने रूढ होत नाहीत.

मागच्या डिसेंबरात आई जळगावहून आली तेव्हा असोद्याची वांगी घेऊन आली. ओटीजीत ती भाजताना तिने दोनदा काचेतून आत डोकावून पाहिले आणि यात धूर कुठून येणार असे विचारले. धूर येणार नाही, असे मी कबूल केले. मग मी ट्रे बाहेर काढला, वांगी उचलली, पाव वाटी कढत पाणी घालून कडेचा तपकिरी थर सोडवू लागलो. ती शेजारी येऊन उभी राहिली.

"याला काय म्हणतात तुमच्यात?" तिने विचारले. तुमच्यात म्हणजे ओटीजीवाल्यांत.

"काही म्हणत नाहीत," मी म्हणालो. बरणीवरची चिठ्ठी तिला दाखवली नाही.

तिने तळहात पुढे केला. मी चमच्याने एक थेंब त्यावर सोडला. तिने तो चाखला, काही क्षण थांबली आणि कढईतल्या आमटीकडे बोट दाखवत म्हणाली, "घाल त्यात. आमटीत गेलं की आमटीच म्हणायचं."

मी ट्रे वाकडा करून सगळे आमटीत ओतले. जेवताना तिने भाकरी चुरून घेतली, दोन वाट्या आमटी घेतली आणि मीठ जरा पुढे गेले आहे, असे सांगितले.